फितूर साक्षीदार, की परवडणारी तडजोड?

४९८अ च्या खटल्यात फिर्यादी बाईच साक्षीच्या दिवशी 'तसं काही घडलंच नाही' म्हणाली, की सरकारी वकील तिला फितूर ठरवतात आणि बहुतेक वेळा आरोपी सुटतो. या सुटण्याचा अर्थ काय? माझ्या पीएचडीच्या वाचनात ज्या निकालाशी सतत भांडण होतं, तो हा अर्थ फार घाईने लावतो.

अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य, २ जुलै २०१४. त्यातल्या अटकेच्या सूचनांबद्दल तक्रार नाही. उठसूट अटक नकोच. खटकतं ते आधीचं. आरोपपत्रं ९३.६ टक्के, शिक्षा फक्त १५ टक्के, हे आकडे सर्वोच्च न्यायालय कलमाच्या गैरवापराशेजारी मांडतं. मधला प्रश्न राहूनच जातो: साक्ष फिरली असेल, तर का?

आता तुम्ही हेच इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या गावातून बघा. घर सासऱ्याच्या नावावर, सातबारा सासऱ्याचा, उसाचं बिलही त्याच्याच खात्यात. पोरांची शाळा तिथेच. बाईने मिटवायचं ठरवलं, कधी मनाने, कधी दबावाने, तरी केस मागे घेता येत नाही, कारण महाराष्ट्रात हा गुन्हा तडजोडपात्र नाही. (१ जुलै २०२४ पासून कलम बदलून भारतीय न्याय संहितेचं ८५ झालं, ही अडचण तशीच राहिली.) सरळ वाट एकच: दोघांनी उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यायचा. म्हणजे मुंबई, अडीचशे किलोमीटर, वकिलाची फी वेगळी. नीरेपलीकडच्या माळशिरसला ऑगस्ट २०२५ पासून निदान कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. पुणे जिल्हा त्यात नाही.

दुसरी वाट स्वस्त. तालुक्याच्या किंवा बारामतीच्या कोर्टात उभं राहायचं आणि 'आठवत नाही' म्हणायचं. पैसेवाल्यांची तडजोड 'गुन्हा रद्द' अशी नोंदली जाते, हिची 'निर्दोष सुटका' म्हणून. आणि तीच सुटका पुढे खोट्या केसचा पुरावा होते! फितूर हा शब्द तर आपल्याकडे गद्दारासाठी वापरतात.

हा त्रास मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्वतःच नोंदवला: संमतीने गुन्हा रद्द करण्याचे रोज किमान दहा अर्ज, त्यासाठी खेड्यापाड्यांतून खर्च करून येणारी माणसं. उपाय सुचवला तो कोर्टाच्या परवानगीने तडजोडीचा. मला तो अर्धाच पटतो. परवानगी तालुक्यातच मिळाली तर प्रवास वाचेल, पण सासरचा दबाव कोर्टाच्या दारापर्यंत येईल. आंध्र प्रदेशने २००३ मध्ये तडजोडीला मुभा देताना अर्जानंतर किमान तीन महिने थांबण्याची अट घातली, तेवढ्यात बाईला मन बदलता यावं म्हणून. ते तीन महिने तिने कुठे राहायचं, हे मात्र त्या दुरुस्तीत नाही.