वायूचा खर्च आणि सिद्धान्ताचा हिशेब

विश्वाच्या बाल्यावस्थेंतील दीर्घिकांविषयीं, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारकाविश्वांविषयीं, हल्लीं जें लिहिलें जातें त्यांत 'फीडबॅक' हा शब्द फार सढळ हातानें वापरलेला आढळतो. मराठींत त्याला कोणी प्रतिपुष्टि म्हणतात. परंतु ह्या क्रियेंत पुष्टि कोणाचीच होत नाहीं, होते ती उपासमार. ताऱ्यांचे स्फोट आणि मध्यवर्ती कृष्णविवराचा उद्रेक ह्यांच्या जोरानें वायु बाहेर फेंकला जातो व नवे तारे घडविण्याचें द्रव्य सरतें. म्हणून 'प्रत्याघात' हाच शब्द आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो.

ह्या कल्पनेची गरज खरी आहे. सर्व कांहीं गुरुत्वाकर्षणावर सोंपविलें असतें, तर वायु थंड होऊन त्याचे कितीतरी अधिक तारे झाले असते. प्रत्यक्षांत विश्वांतील साध्या द्रव्याचा दशांशाहूनही कमी भाग ताऱ्यांत सांपडतो. १९८६ सालीं डेकेल व सिल्क ह्यांनीं लहान दीर्घिकांपुरतें ताऱ्यांच्या स्फोटांकडे बोट दाखविलें. १९९८ मध्यें सिल्क व रीस ह्यांनीं कृष्णविवरांकडे. येथवर युक्तिवाद सरळ आहे. दोष पुढें शिरतो. संगणकावर विश्व उभें करतांना ह्या प्रत्याघाताचा जोर मूळ नियमांपासून काढतां येत नाहीं; २०१५ च्या 'ईगल' प्रकल्पांत तो आजच्या दीर्घिकांशीं मेळ बसेल असा ठरविण्यांत आला. कर्त्यांनीं हें उघड सांगितलें, ही त्यांची सचोटी. त्यांच्या आधारें लिहिणारे मात्र तें विसरतात. उत्तर पाहून मांडलेलें गणित बरोबर आलें, ह्यांत नवल तें काय? ज्या गोष्टींशीं मेळ आधीं घातलेला नव्हता, त्यांवरच सिद्धान्ताची कसोटी लागावयाची.

ती कसोटी आतां मिळूं लागली आहे. वेब दुर्बिणीनें पाहिलेल्या जीएस-१०५७८ ह्या दीर्घिकेचा वृत्तांत २०२४ मध्यें प्रसिद्ध झाला. महास्फोटानंतर सुमारें २ अब्ज वर्षांच्या काळांतली ही दीर्घिका आकाशगंगेच्या तोडीची असून तींत तारे घडणें जवळजवळ थांबलें आहे. आणि सेकंदाला सुमारें १,००० किलोमीटर वेगानें वायु तिच्यांतून बाहेर पडत आहे. हा वायु बहुतांशीं थंड व अंधारा; पाठीमागच्या ताऱ्यांचा प्रकाश त्यानें अडविला, म्हणूनच तो कळला. इतक्या दूरच्या दीर्घिकांत पूर्वीं मुख्यतः चकाकणारा उष्ण वायु दिसे. म्हणजे खर्चाच्या वहींतील मोठी रक्कमच नजरेआड राहिली होती.

तथापि चोर घराबाहेर पडतांना दिसला, एवढ्यावरून चोरी त्यानेंच केली असें ठरत नाहीं. वारा दिसला तो त्या क्षणींचा. तारे घडणें मंदावलें तें त्यापूर्वीं. अनेक दीर्घिकांत हाच क्रम आढळेल तेव्हांच कार्यकारणभाव पक्का होईल. 'कृष्णविवरानें दीर्घिका मारली' असा निकाल आजच देणें म्हणजे शास्त्राचें पुराण करणें होय. ज्या वाचकाजवळ दुर्बीण नाहीं, त्याला प्रत्यक्ष कोठें संपतें आणि अनुमान कोठें सुरू होतें हें सांगणें, हेंच शास्त्रीय लेखकाचें पहिलें कर्तव्य आहे.