‘देवदूत’ : संज्ञा, स्वरूप आणि कथनकार्य

‘देवदूतासारखा धावून आला’ हा प्रयोग मराठी व्यवहारभाषेत इतका रुळला आहे की ‘देवदूत’ म्हणजे संकटातून तारणारा, हाच त्या शब्दाचा प्रमुख अर्थ होऊन बसला आहे. बायबलमधील देवदूत मात्र तारणारा नव्हे. तो तारणाऱ्याची वार्ता आणणारा आहे. हा भेद वरवर पाहता सूक्ष्म वाटतो. परंतु मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अर्थनिर्णयनात तो निर्णायक ठरतो.

हिब्रू ‘मलाख’ आणि ग्रीक ‘आंगेलोस’ या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ निरोप्या असाच आहे; माणसाने पाठविलेल्या दूतालाही बायबलमध्ये हेच शब्द लागतात. म्हणूनच ऑगस्टीनने हे नाव स्वभावाचे नसून कार्याचे आहे, असा विवेक केला : स्वभावतः ते आत्मे होत, पाठविले गेले की दूत होत. मराठी समासाचा विग्रहही ‘देवाचा दूत’ असाच होतो. तथापि मराठी वाचकाच्या सांस्कृतिक स्मृतीत यमदूत आणि विष्णुदूत आधीपासून वावरत असतात. भागवतातील अजामिळाच्या कथेत चतुर्भुज विष्णुदूत यमदूतांशी वाद घालतात आणि अजामिळाला सोडवितात. तेथे दूत स्वामीचे रूप धारण करतो आणि काही अंशी त्याचे सामर्थ्यही. या संकेतव्यवस्थेतून ‘देवदूत’ वाचला की समासातील उत्तरपद क्षीण होते, पूर्वपद बळावते आणि देवदूत हा दुय्यम देव ठरतो.

ख्रिस्ती श्रद्धेला हा अर्थ मान्य होण्यासारखा नाही. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने आत्मिक आणि भौतिक अशी दोन्ही सृष्टी एकाच निर्मात्याची असल्याचे घोषित केले. म्हणजे देवदूत कितीही श्रेष्ठ असला तरी तो निर्मितच आहे. त्याला देह नाही. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहामाच्या तंबूपाशी येणारे पाहुणे माणसांसारखे दिसतात आणि जेवतातही. पंख आहेत ते यशयाच्या दर्शनातील सराफीमांना. पंखधारी देवदूत ख्रिस्ती चित्रकलेत स्थिरावतो तो चौथ्या शतकाच्या अखेरीपासून. रूप हे अशा रीतीने देवदूताचे स्वरूप नसून त्या त्या प्रसंगाची गरज असते.

त्याचे खरे वैशिष्ट्य कथनाच्या पातळीवर प्रत्ययास येते. हागारेच्या किंवा जळत्या झुडपाच्या प्रसंगी आरंभी परमेश्वराचा दूत प्रकटतो. पुढे मात्र प्रथमपुरुषी वचन परमेश्वराचेच होते. ग्रेमासच्या प्रतिमानातील ‘प्रेषक’ व ‘सहाय्यक’ या कोटी येथे अपुऱ्या पडतात, कारण दूत आणि प्रेषक यांच्यातील सीमारेषा संहिताच पुसून टाकते. शास्ते या पुस्तकातील मानोहा दूताचे नाव विचारतो, तेव्हा ते त्याला सांगितले जात नाही. प्रकटीकरणाच्या अखेरीस योहान दूताच्या पाया पडू लागतो, तेव्हा दूत त्याला थोपवितो आणि स्वतःला त्याचा सोबतीचा दास म्हणवितो. मरीयेचा होकार मिळताच गब्रीएल निघून जातो. स्वतःला मागे सारणे हेच या पात्राचे कार्य होय.

या दृष्टीने थॉमस स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा (1616) विचार करणे उद्बोधक ठरते. मिल्टनच्या महाकाव्याच्या अर्धशतक आधी या ओवीबद्ध ग्रंथाने ल्युसिफरच्या पतनाची कथा मराठीत आणली, आणि तीही पुराण या रचनाप्रकारात. पौराणिक कथेत देव आणि असुर एकाच कश्यपाची संतती असतात. त्यांचा संघर्ष युगानुयुगे चालतो आणि जयपराजय उलटसुलट होतात. ख्रिस्ती कथेतील पतित दूत हा असा प्रतिपक्ष नाही. तोही मुळात चांगलाच निर्मिलेला. बिघाड आहे तो त्याच्या इच्छेत. पुराणाचा घाट वाचकाला द्वंद्वाकडे ओढतो, तर आशय ते द्वंद्वच नाकारतो. ‘ख्रिस्तपुराणा’पासून टिळक कुटुंबाच्या ‘ख्रिस्तायना’पर्यंतच्या परंपरेची समीक्षा करताना केवळ ‘भारतीय रूपात ख्रिस्ती आशय’ असे समीकरण मांडणे म्हणूनच अपुरे ठरते. रूप आणि आशय यांच्यातील हा ताण हाच तिचा अभ्यासविषय व्हायला हवा.

नाशिक रोड येथील बाळ येशूच्या देवालयात दर फेब्रुवारीत भरणाऱ्या यात्रेला ख्रिस्ती भाविकांबरोबर अन्य धर्मीयही येतात. नवसाची भाषा त्यांना परिचित असते. गोंडस बाळ आणि देवदूत यांच्यात लोकप्रिय चित्रांनी केलेली सरमिसळही डोळ्यांत असते. परंतु तेथे ज्याच्यापुढे मेणबत्ती लावली जाते, ते बाळ देवदूताच्या नेमके उलट टोकाला आहे. देवदूताला देह नाही. बाळाला आहे, आणि तो दुखणारा, मरणारा देह आहे. पुत्राने दूतांचा नव्हे तर अब्राहामाच्या संतानाचा हात धरला, हा इब्री लोकांस पत्राचा युक्तिवाद येथे मूर्त होतो. लूकच्या कथनात मेंढपाळांना वार्ता देणारे दूत स्वर्गात परततात आणि मेंढपाळ गव्हाणीकडे निघतात. पुढची कथा देहधारी माणसांच्या स्वाधीन करून दूत निघून जातो. ‘देवदूत’ या संज्ञेत ‘दूत’ हे पद मराठी समीक्षेने पुन्हा ऐकले, तरच त्याच्या या जाण्याचा अर्थ तिला लागेल.