बंद दाराबाहेरचा बटलर

काझुओ इशिगुरो यांची ‘द रिमेन्स ऑफ द डे’ (१९८९) पहिल्यांदा वाचली तेव्हा मी वैतागले होते. १९५६ साली स्टीव्हन्स नावाचा म्हातारा होत चाललेला बटलर मालकाची मोटार घेऊन सहा दिवसांच्या प्रवासाला निघतो. वाटेत बटलरची प्रतिष्ठा म्हणजे काय, चांदीची भांडी कशी चकचकीत ठेवावीत यावर पानंच्या पानं बोलतो. वीस वर्षांपूर्वी लग्न करून गेलेल्या मिस केंटनला तो भेटायला निघालाय, पण का? तर म्हणे, डार्लिंग्टन हॉलमध्ये नोकरमाणसं कमी पडतात. या माणसाला नेमकं हवंय तरी काय, हे मला कळेना.

दुसऱ्या वाचनात मी एका दारापाशी थबकले. मिस केंटनच्या खोलीबाहेर आपण उभे होतो आणि ती आत रडत असावी, असं स्टीव्हन्सला आठवतं. आधी तो सांगतो, तिची मावशी गेल्याचं कळलं तो हा दिवस. मग स्वतःच शंका घेतो. बऱ्याच पानांनंतर खरा प्रसंग येतो. वर लॉर्ड डार्लिंग्टन यांच्याकडे जर्मन राजदूताबरोबर गुप्त बैठक चालली होती, आणि त्याच संध्याकाळी मिस केंटनने मिस्टर बेन यांना होकार दिल्याचं त्याला सांगितलं होतं. हातात ट्रे घेऊन तो दाराबाहेर घुटमळला आणि पुढे निघून गेला.

ते रडणं मावशीसाठी असतं, तर त्याच्यावर काही ठपका येत नव्हता. आठवणीने तारीख बदलली ती त्यासाठीच. स्टीव्हन्सचं मन कळत नाही अशी माझी तक्रार होती. ते अशा चुकांमधून सतत कळत होतं, मीच त्याच्या खुलाशांवर विसंबून होते.

मिस केंटनबद्दल मात्र तक्रार उरते. दोन ज्यू मोलकरणींना काढलं तर राजीनामा देईन म्हणणारी ही बाणेदार बाई या माणसात काय बघते? ती त्याच्या खोलीत फुलं आणते, त्याला टोचते, डिवचते. यापलीकडे कादंबरी तिच्या मनात शिरत नाही. हे मला बराच काळ लेखकाचं अपयश वाटायचं.

आता तसं वाटत नाही, आणि त्याला कारण शेवटची भेट. कॉर्नवॉलमध्ये, पावसात, बसथांब्याच्या आडोशाला स्टीव्हन्स अडखळत तिला विचारतो, की नवरा तुम्हाला नीट वागवत नाही का? इतक्या वर्षांतला त्याचा हा पहिला खरा प्रश्न. आणि ती लगेच सगळं सांगते: घर सोडणं आधी केवळ तुम्हाला चिडवण्यासाठी होतं, पुढे नवऱ्यावर माया जडली, तरी तुमच्यासोबतचं आयुष्य कसं असतं, हा विचार अधूनमधून येतोच.

उत्तर तिच्यापाशी तयार होतं. तिची बस येते, आणि तो सभ्यपणे निरोप घेतो.