नामावळी आणि शोधयंत्र

स्वतःचे नाव शोधयंत्रात घालून पाहण्याची सवय आता इतकी रूढ झाली आहे की तिला केवळ कुतूहल म्हणून भागणार नाही. या शोधातून जी यादी पुढे येते ती एक प्रकारचे चरित्रच होय. आणि ज्याअर्थी ते चरित्र आहे, त्याअर्थी चरित्राचे निकष त्यास लावून पाहणे हे समीक्षेचे काम ठरते.

आपल्याकडे या शोधास एक जुना पूर्वज आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरी गेलेला यात्रेकरू गाव व आडनाव सांगतो आणि तीर्थोपाध्याय आपल्या वहीतून त्याच्या पूर्वजांची नावे वाचून दाखवितात. नुसते ‘लोणी’ म्हणून येथे भागत नाही. पुण्याच्या परिसरातच लोणी काळभोर आणि लोणी कंद अशी दोन गावे आहेत, आणि गावाला जोडलेले आडनावच ओळख पटविते. वहीतील नोंद यात्रेकरू स्वतः करवितो. पुढील पिढीची नोंद तीत मागाहून भर घालते. या नामावळीचा दोषही उघड आहे: स्त्री तेथे बहुधा पित्याच्या वा पतीच्या आधारानेच येते.

शोधयंत्राच्या यादीत स्त्रीला स्वतंत्र प्रवेश आहे, हा तिचा गुण मान्य केला पाहिजे. परंतु ही यादी काळाच्या क्रमाने लागत नाही. शब्दांचा मेळ, पानाकडे येणारे दुवे इत्यादींच्या गणिताने ती लागते. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचे वाक्य कालच्या वाक्याच्या वर बसू शकते. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ (1934–36) येथे तुलनेस घेण्याजोगे आहे. माहेरची मनकर्णिका गोखले, नारायण वामन टिळकांची पत्नी, 1895 मध्ये पतीच्या धर्मांतराने होरपळलेली स्त्री आणि पुढे स्वतः ख्रिस्ती झालेली लेखिका ही एकच व्यक्ती आहे, हे वाचकास पटते ते क्रमामुळे. क्रम काढून घेतला तर विसंगत नोंदी तेवढ्या उरतील आणि परिवर्तन दिसेनासे होईल.

यावर ‘पुसून टाका’ असा उपाय सुचविला जातो. स्पेनमधील मारिओ कोस्तेखा गोन्सालेस यांच्या मालमत्तेच्या लिलावाच्या सूचना 1998 मध्ये वृत्तपत्रात आल्या होत्या. नावाच्या शोधात त्या येऊ नयेत, या मागणीस युरोपीय न्यायालयाने 13 मे 2014 रोजी मान्यता दिली. मूळ वृत्तपत्रातील मजकूर मात्र तसाच राहिला. शिवाय या खटल्यामुळेच ते नाव आणि ते कर्ज जगभर माहीत झाले. भारतात 2017 च्या पुट्टस्वामी निर्णयाने खाजगीपणास मूलभूत हक्काचे स्थान दिले आणि 2023 च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्यात दुरुस्तीचा व खोडण्याचा हक्क नमूद झाला.

येथे एक आक्षेप संभवतो. सत्तास्थानी असलेल्याने आपली जुनी कृत्ये पुसावयाची ठरविली तर समाजाने काय करावे? हा आक्षेप बिनतोड आहे, आणि म्हणूनच सरसकट खोडण्याचे समर्थन करता येत नाही. शिवाय डिजिटल नोंद अक्षय असते हेही अर्धसत्यच होय. 30 सप्टेंबर 2014 रोजी ऑर्कुट बंद झाले आणि तेथील असंख्य संभाषणे हळूहळू नाहीशी झाली. जे जपावेसे वाटते ते कंपनीच्या मर्जीने जाते आणि जे विसरले जावे असे वाटते ते टिकते. टिकणे व जाणे या दोहोंवर ज्याचे नाव आहे त्याची सत्ता नाही, हा खरा प्रश्न आहे.

तेव्हा अशा नोंदीची परीक्षा केवळ तिच्या टिकाऊपणावरून करणे योग्य नव्हे. तिला तारीख आहे काय, तिच्याशेजारी पुढची हकीकत लिहिण्यास जागा आहे काय, आणि ती लिहिण्याचा अधिकार कोणाला आहे, हे तीन प्रश्न विचारावयास हवेत. नामावळीच्या वहीने पहिल्या दोहोंची सोय केली; तिसऱ्याच्या बाबतीत ती स्त्रियांपुरती उणी पडली. शोधयंत्राने तिसऱ्याचे दार सर्वांनाच उघडले आणि पहिली दोन दुर्लक्षिली. या दोहोंचा मेळ घालणे हे कायद्याइतकेच, नोंदींचे वाचन करणाऱ्या अभ्यासकांचेही काम आहे.