पुरण कुणी शिजवलं?

डोरेमॉनचा लाडका डोरा केक म्हणजे जपानची दोरायाकी. दोन लहान गोड धिरडी, मधे अझुकी या लाल कडधान्याचं पुरण. धिरड्यात अंडं असतं, म्हणून आपल्याला ती वर्ज्य. पण नाओमी कावासे यांचा २०१५ सालचा ‘आन’ हा सिनेमा त्या आतल्या पुरणाचा आहे, आणि तो आपण बायकांनी जरूर बघावा.

७६ वर्षांची तोकुए एका छोट्या दुकानात काम मागायला येते. दुकानदार डब्यातलं तयार पुरण वापरत असतो. ती दाणे भिजवते, पहिलं पाणी काढून टाकते, साखर घातली की दोघांची ओळख व्हायला वेळ देते. किरिन किकी यांचं ते दाण्यांवर वाकून बघणं, पुरणपोळी करणारीला लगेच कळेल. दुकानापुढे रांग लागते. मग तिला पूर्वी कुष्ठरोग झाल्याची कुणकुण पसरते आणि गिऱ्हाईक तुटतं. पुरण तेच, हातही तेच! जपानात कुष्ठरोग्यांना वेगळं ठेवणारा कायदा १९९६ पर्यंत होता.

सिनेमा चेरीच्या फुलांत जरा जास्तच रमतो. निघून गेलेल्या गिऱ्हाइकांपाशी मात्र तो थांबत नाही. तिथं थांबायला हवं होतं, कारण ती माणसं आपल्यासारखीच आहेत. आपल्या आहाराचा नियम विचारतो, की या घासासाठी कुणा जिवाला इजा झाली का? आपण बरेचदा ‘केलं कुणी?’ एवढंच विचारतो आणि त्याला सोवळं म्हणतो. त्या विचारण्यानंही एक जीव दुखावतो. तोही अहिंसेच्या हिशेबात धरायला हवा.