मणका कोणाचा : हाडांच्या डॉक्टरांचा की मेंदूच्या?

भवानीनगरच्या पंचक्रोशीत कुणाची पाठ धरली की निदान ठरलेले असते : ‘मणक्यात गॅप आलाय.’ उसाची तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा तोडणी मजूर हेच सांगतो आणि खुर्चीवर दिवस काढणारा कारकूनही हेच सांगतो. शब्द सोयीचा आहे, पण उलटा आहे. निरोगी माणसाच्या एक्स-रेतही दोन मणक्यांमध्ये मोकळी जागा दिसतेच. तिथे चकती असते आणि चकती एक्स-रेवर उमटत नाही. चकती झिजली की ती जागा वाढत नाही, कमी होते.

पण या लेखाचा रोख लोकांच्या अज्ञानावर नाही. पुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. हा ‘गॅप’ दाखवायला जायचे कोणाकडे? कोणी सांगतो हाडांच्या डॉक्टरकडे, कोणी सांगतो मेंदूच्या. हा गोंधळ रुग्णाने निर्माण केलेला नाही. तो आपण ज्ञानाची जी वाटणी केली आहे तिच्यातून आलेला आहे.

शाळेपासूनच पाहा. अस्थिसंस्था एका धड्यात, चेतासंस्था दुसऱ्या धड्यात. पहिल्यात मुले मणके मोजतात : मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५. दुसऱ्यात मेरुरज्जूतून निघणाऱ्या चेतांच्या ३१ जोड्या पाठ करतात. पण मेरुरज्जू मणक्यांच्या पोकळीतूनच जातो आणि प्रौढ माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो, ही दोन धड्यांना जोडणारी गोष्ट वर्गात क्वचितच येते. त्याच्या खाली असतो तो घोड्याच्या शेपटीसारखा चेतांचा झुबका. म्हणूनच कमरेच्या खालच्या भागात दबलेली नस आणि मानेत दबलेला मेरुरज्जू या दोन अगदी वेगळ्या आपत्ती आहेत.

वैद्यकीय शिक्षणातही हीच भिंत उभी आहे. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचे एमबीबीएस झाल्यावर वाटा फुटतात. एक वाट तीन वर्षांच्या अस्थिरोग एमएसची. दुसरी वाट जनरल सर्जरीचे एमएस करून पुढे तीन वर्षांच्या न्यूरोसर्जरी एमसीएचची. पहिल्या वाटेने आलेल्याचा हात हाड जोडण्यात, स्क्रू बसवण्यात, बाक सरळ करण्यात तयार होतो. दुसऱ्या वाटेने आलेला सूक्ष्मदर्शकाखाली चेता आणि त्यांची आवरणे हाताळायला शिकतो. मणक्याला ही दोन्ही कौशल्ये लागतात. कोणतीही एक वाट ती दोन्ही पुरेशी देईल याची हमी नाही.

इतिहासही तेच सांगतो. सरकलेली चकती नस दाबते आणि ती काढल्यास पायाची कळ थांबते, हे १९३४ साली बोस्टनमधल्या ज्या शोधनिबंधाने ठसवले, त्याचे लेखक दोघे होते : मिक्स्टर हे चेताशल्यविशारद आणि बार हे अस्थिशल्यविशारद. आपल्याकडे गोव्यात जन्मलेले डॉ. प्रेमानंद रामाणी न्यूरोसर्जरीतून मणक्याकडे आले, तर डॉ. शेखर भोजराज अस्थिरोगातून. दोघांनीही मुंबईत मणक्याच्या शस्त्रक्रियेत नाव कमावले. म्हणजे कोणती वाट श्रेष्ठ हा वादच निरर्थक आहे. दोन्ही वाटा पुढे एकत्र येतात की नाही, हा खरा प्रश्न.

त्या एकत्र आणण्याचे काम फेलोशिपने करायचे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची मणक्याच्या शस्त्रक्रियेची फेलोशिप दोन वर्षांची आहे. व्यवस्था चांगली आहे. आक्षेप दोन आहेत. पहिला असा, की हे प्रशिक्षण सक्तीचे नाही. मूळ पदवीवरही मणक्यावर शस्त्रक्रिया करता येते. दुसरा, काही आठवड्यांच्या उमेदवारीलाही ‘फेलोशिप’च म्हणतात आणि दोन वर्षांच्या कसून शिक्षणालाही. दवाखान्याच्या पाटीवर दोन्ही सारखीच दिसतात. जमीन विकून शस्त्रक्रियेचा खर्च भागवणाऱ्या शेतकऱ्याने हा फरक ओळखायचा कसा?

याहून खोल आक्षेप शिक्षणाच्या मोजमापावर आहे. शल्यविशारदाचे शिक्षण केलेल्या शस्त्रक्रियांवर मोजण्याकडे कल असतो. मणक्याच्या बाबतीत मात्र न केलेली शस्त्रक्रिया हीही तितकीच मोठी परीक्षा आहे. १९९४ साली अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तेव्हा ५२ टक्के लोकांत किमान एक तरी चकती फुगलेली आढळली. तात्पर्य, चित्रात दोष दिसला म्हणजे दुखण्याचे कारण सापडलेच असे नाही. चित्र, तपासणी आणि तक्रार ही तिन्ही जुळली तरच सुरी उचलायची. बनारस हिंदू विद्यापीठाच्या डॉ. एस. एम. तुली यांनी मणक्याच्या क्षयरोगात हेच दाखवले. १९७५ मध्ये त्यांनी ‘मध्यममार्गा’चे निष्कर्ष प्रसिद्ध केले : औषधे सर्वांना, शस्त्रक्रिया मात्र निवडक रुग्णांनाच. शिकाऊ डॉक्टरच्या नोंदवहीत किती शस्त्रक्रिया केल्या याच्याबरोबर किती टाळल्या, का टाळल्या आणि वर्षभराने तो रुग्ण कसा आहे, यांचेही रकाने हवेत.

मग प्रत्येक तालुक्याला मणक्याचा तज्ज्ञ हवा का? नाही. अशा शस्त्रक्रियेत हात सतत चालता राहावा लागतो. त्यासाठी पुरेसे रुग्ण लागतात आणि ते मोठ्या शहरातच जमतात. बारामतीत २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ही मोठीच सोय, पण बारीक विशेषज्ञतेसाठी भवानीनगरच्या रुग्णाने सुमारे शंभर किलोमीटरवरच्या पुण्याला जाणे यात गैर काही नाही. गैर हे, की ज्याने आजच्या आज निघायला हवे तो महिनाभर शेक घेत बसतो आणि ज्याला व्यायामाने बरे वाटले असते तो शस्त्रक्रियेची तारीख घेऊन येतो. ही निवड पहिल्या डॉक्टरच्या हाती असते. त्याच्या शिक्षणात मणक्याला मिळणारी जागा त्यामुळे तज्ज्ञाच्या फेलोशिपइतकीच मोलाची आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ आणि डॉ. भोजराज यांचे स्पाइन फाउंडेशन यांनी तज्ज्ञांना रुग्णांजवळ नेण्याचा जो मार्ग काढला, तो म्हणूनच अभ्यासण्याजोगा आहे.

आणि शिक्षकाचा वाटा? दोन धडे जोडून शिकवणे. दोऱ्याच्या रिकाम्या रिळांतून सुतळी ओवा, मध्ये रबराच्या चकत्या ठेवा. एक रीळ सरकवा आणि सुतळीचे काय होते ते मुलांना पाहू द्या. मग सांगा, की पाठदुखीबरोबर लघवी अडकली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाय लुळे पडू लागले, तर तिथे तासांचा हिशेब असतो. पाठदुखीला संध्याकाळचा ताप आणि घटते वजन यांची जोड असेल, तर क्षयरोगाची तपासणी हवी. हे ज्या मुलाला कळले, ते घरातल्या मोळी वाहणाऱ्या माणसासाठी डॉक्टरला नेमके तीन प्रश्न विचारू शकेल : दुखण्याचे कारण हेच कशावरून? शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल? आणि तुम्ही हे काम कोठे, किती काळ शिकलात? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येणार नाही.