वैमानिकाचे पंख आणि अधिकाऱ्याची सनद : १९४२ च्या ओटावा परिषदेतील युक्तिवादाची चिकित्सा

प्रस्तावना

लष्करी विमान चालवणारी व्यक्ती कमिशनप्राप्त अधिकारीच असली पाहिजे, ही समजूत आज इतकी रूढ झाली आहे की तिचे कारण विचारण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र ही स्थिती नव्हती. १९४० मधील ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या हवाई संग्रामात ब्रिटनच्या बाजूने लढलेल्या वैमानिकांमध्ये सार्जंट हुद्द्याच्या वैमानिकांचा वाटा मोठा होता. या संग्रामात शत्रूची सर्वाधिक विमाने पाडणाऱ्यांमध्ये गणले जाणारे योसेफ फ्रांतिशेक व जेम्स लेसी हे दोघेही त्या वेळी सार्जंट होते. जर्मनी व जपान या देशांच्या हवाई दलांतही बिगर-कमिशन वैमानिक मोठ्या संख्येने होते.

उड्डाणासाठी कमिशन आवश्यक आहे काय, हा प्रश्न मे-जून १९४२ मध्ये कॅनडातील ओटावा येथे भरलेल्या हवाई प्रशिक्षण परिषदेत थेट उपस्थित झाला. ब्रिटन व कॅनडा यांनी तेथे परस्परविरोधी भूमिका मांडल्या आणि त्यांच्यात एकमत होऊ शकले नाही. या दोन भूमिकांची तर्कदृष्ट्या चिकित्सा करणे आणि त्या आधारे मूळ प्रश्नाचा पुनर्विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दोन भूमिका

कमिशन म्हणजे राष्ट्रप्रमुखाच्या नावाने अधिकार चालवण्यासाठी दिलेली सनद होय. ती चारित्र्य, बुद्धी आणि नेतृत्वक्षमता यांची पावती आहे, असे ब्रिटिश पक्षाचे म्हणणे होते. अनेक विमानकर्मी आपले काम उत्तम करतात, परंतु त्यांच्या अंगी अधिकाऱ्याला साजेसे गुण असतातच असे नाही. त्यामुळे केवळ धोक्याचे काम केले म्हणून कमिशन देणे म्हणजे त्या सनदेचे मोल कमी करणे होय, अशी ही मांडणी होती.

याउलट, एकाच विमानात तेच काम करणाऱ्या दोन व्यक्तींपैकी एकीला अधिकारी व दुसरीला सार्जंट ठेवण्यास कोणतेही समर्थन नाही, असे कॅनडाने मांडले. वेतन, प्रवासाच्या सवलती आणि भत्ते यांतील भेद अन्यायकारक आहे. शिवाय विमानाचा चमू हा एकजिनसी घटक असल्याने जमिनीवर उतरताच त्याचे सदस्य वेगवेगळ्या भोजनगृहांत विभागले जाणे हे त्या एकजुटीला मारक आहे, असा त्याचा आग्रह होता.

ब्रिटिश भूमिकेची चिकित्सा

ब्रिटिश भूमिका प्रथमदर्शनी तात्त्विक वाटते. कौशल्य आणि नेतृत्व या भिन्न गोष्टी आहेत, हे तिचे गृहीतक मान्य करण्यासारखेच आहे. तथापि, हे तत्त्व प्रत्यक्ष व्यवहाराशी ताडून पाहिले असता तीन विसंगती समोर येतात.

पहिली विसंगती आकड्यांची आहे. साम्राज्याच्या संयुक्त प्रशिक्षण योजनेत वैमानिक व ऑब्झर्व्हर यांच्यापैकी ५० टक्क्यांना, तर बिनतारी यंत्रचालक व गनर यांच्यापैकी २० टक्क्यांना कमिशन देण्याचे प्रमाण ठरलेले होते. नेतृत्वगुण हाच निकष असेल तर तो किती जणांत आढळेल हे निवडीपूर्वीच कसे ठरवता येईल? आणि विमानाच्या शेपटाकडील गनरपेक्षा पुढे बसणाऱ्या वैमानिकात तो अडीच पट अधिक का आढळावा? ठराविक प्रमाण हे गुणांचे मोजमाप नसून जागांचे वाटप असते.

दुसरी विसंगती विमानातील आज्ञाधिकाराची आहे. ब्रिटिश बॉम्बफेकी विमानात हुद्दा कोणताही असो, वैमानिक हाच कप्तान असे. त्यामुळे सार्जंट वैमानिकाच्या आज्ञेत कमिशनप्राप्त नॅव्हिगेटर असणे हे नियमाला धरूनच होते. लँकॅस्टर विमानात सात जणांचा चमू असे. म्हणजे सार्जंट कप्तान प्रत्येक मोहिमेत सहा जणांच्या जीविताची जबाबदारी वाहत असे. १२-१३ ऑगस्ट १९४३ च्या रात्री तुरीनवरील हल्ल्यात फ्लाइट सार्जंट आर्थर आरन यांचा जबडा गोळ्यांनी फुटला व एक हात निकामी झाला. बोलणे अशक्य झाले असताही त्यांनी डाव्या हाताने सूचना लिहून आपले विमान उत्तर आफ्रिकेत उतरवण्यास साहाय्य केले आणि त्यानंतर काही तासांतच प्राण सोडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. ज्या व्यवस्थेने आरन यांच्याकडे कप्तानपद सोपवले, तिने त्यांची नेतृत्वक्षमता आधीच मान्य केलेली होती. राहिली होती ती केवळ कागदावरची मान्यता.

तिसरी विसंगती सामाजिक आहे. ‘अधिकाऱ्याला साजेसे गुण’ ही संज्ञा मोघम आहे. तत्कालीन ब्रिटिश समाजात शाळा, उच्चार आणि कुटुंबाची पार्श्वभूमी यांवरून माणसाची पारख होत असे. संज्ञा मोघम असली की निवड करणारा आपल्यासारख्याच माणसात गुण पाहतो. नेतृत्वाच्या नावाखाली वर्गभेद टिकून राहण्याची शक्यता या भूमिकेत अंगभूत होती.

कॅनडाच्या भूमिकेची चिकित्सा

कॅनडाच्या भूमिकेचे बळ तिच्या न्यायबुद्धीत आहे. हुद्द्यातील फरक हा केवळ मानाचा विषय नव्हता. १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैदी अधिकाऱ्यांना कामास जुंपता येत नसे, सार्जंटांकडून केवळ देखरेखीचे काम घेता येत असे, तर सामान्य सैनिकांना श्रम करावे लागत. मनोधैर्य खचलेल्या विमानकर्मींच्या बाबतीतही सार्जंटाचा हुद्दा काढून घेऊन त्याला हलक्या कामावर पाठवले जाई; अधिकाऱ्याला मात्र तुलनेने झाकलेला मार्ग उपलब्ध असे.

असे असले तरी या भूमिकेतही दोन उणिवा आहेत. चमूच्या ऐक्याचा युक्तिवाद खरा मानला तर तो संपूर्ण चमूला लागू व्हावयास हवा. परंतु परिषदेनंतर कॅनडाने योग्य ठरणाऱ्या सर्व वैमानिक, नॅव्हिगेटर व बॉम्बफेक्यांना कमिशन देण्याचे धोरण स्वीकारले. गनर व बिनतारी यंत्रचालक यांना ही सरसकट सोय लागू झाली नाही. म्हणजे भेदाची रेषा पुसली गेली नाही, ती विमानात थोडी मागे सरकली.

दुसरी उणीव अधिक मूलभूत आहे. कॅनडाने कमिशनकडे प्रामुख्याने धोका व श्रम यांचा मोबदला म्हणून पाहिले. धोका हाच निकष मानल्यास पायदळातील शिपायाचा हक्क डावलता येणार नाही. वेतन, भत्ते, निवृत्तिवेतन व कैदेतील वागणूक यांतील अन्याय त्या-त्या क्षेत्रातच दूर व्हावयास हवा. सनद देऊन त्याची भरपाई केल्यास सनदही अर्थहीन होते आणि सनदेबाहेर राहिलेल्यांवरील अन्यायही कायम राहतो.

युद्धोत्तर अनुभव

पुढील काळातील अनुभवाने या वादावर बराच प्रकाश टाकला आहे. ब्रिटिश हवाई दलाने क्रमाने वैमानिकपद अधिकाऱ्यांपुरते मर्यादित केले. मात्र त्याच देशाच्या भूदलाच्या १९५७ मध्ये स्थापन झालेल्या आर्मी एअर कोअरमध्ये सार्जंट वैमानिकांची परंपरा टिकून राहिली. एकाच देशाच्या दोन दलांना परस्परविरोधी गोष्टी ‘आवश्यक’ वाटत असतील, तर ती आवश्यकता उड्डाणाच्या स्वरूपातून आलेली नाही, हे उघड आहे.

अमेरिकी भूदलात हेलिकॉप्टर चालवण्याचे काम मुख्यतः वॉरंट ऑफिसर करतात. कमिशनप्राप्त अधिकाऱ्याला काही वर्षांनी कचेरीतील पदांकडे वळावे लागते. वॉरंट ऑफिसर मात्र दीर्घकाळ उड्डाणातच राहून त्यात पारंगत होतो, हे त्यामागील कारण आहे. शस्त्र वापरण्याविषयीचा विवेक केवळ अधिकाऱ्याकडेच असतो, या युक्तिवादाला याच दलाने उत्तर दिले आहे. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधील माय लाय येथे स्वपक्षाचे सैनिक निःशस्त्र ग्रामस्थांची कत्तल करीत असताना वॉरंट ऑफिसर ह्यू थॉम्पसन यांनी आपले हेलिकॉप्टर मध्ये उतरवले व आपल्याहून वरिष्ठ असलेल्या लेफ्टनंटला रोखले. त्या ठिकाणी सनद कत्तलीच्या बाजूला होती आणि विवेक सनदेविना होता. पुढे १९८० च्या दशकात कायद्यातील बदलाने तेथील वरच्या श्रेणीच्या वॉरंट ऑफिसरांना कमिशन मिळू लागले. परंतु त्यामुळे हेलिकॉप्टरमधील त्यांच्या कामात काही फरक पडला नाही.

मानवरहित विमानांनी हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. अमेरिकी हवाई दलाने डिसेंबर २०१५ मध्ये ग्लोबल हॉक हे निःशस्त्र टेहळणी विमान बिगर-कमिशन कर्मचाऱ्यांकडे सोपवण्याचा निर्णय जाहीर केला, परंतु सशस्त्र रीपर विमानासाठी अधिकारीच ठेवले. त्याच वेळी भूदलात ग्रे ईगल हे क्षेपणास्त्रवाहू विमान बिगर-कमिशन सैनिक चालवीत होते. शस्त्र असल्यास अधिकारी हवा, हा निकषही येथे टिकत नाही.

अधिकारी-वैमानिकाच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र गांभीर्याने घेण्यासारखा आहे. हवाई दलात प्रत्यक्ष लढणारे अल्पसंख्य आणि जमिनीवरून त्यांना साहाय्य करणारे बहुसंख्य असतात. उद्याचे स्क्वॉड्रनप्रमुख व दलप्रमुख लढण्याचा अनुभव असलेल्यांतूनच यावेत, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु यातून काही वैमानिक अधिकारी असावेत इतकेच सिद्ध होते. सर्वच असावेत, हे सिद्ध होत नाही.

भारतीय संदर्भ

८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झालेल्या भारतीय हवाई दलात वैमानिक अधिकारी असतो. फ्लाइट इंजिनिअर व फ्लाइट गनर मात्र बिगर-कमिशन श्रेणीतील असतात. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ कोसळलेल्या हेलिकॉप्टरच्या चार जणांच्या चमूत दोन अधिकारी व दोन ज्युनिअर वॉरंट ऑफिसर होते. मृत्यूने त्यांच्यात भेद केला नाही. त्यामुळे ओटावा येथील प्रश्न हा परकीय इतिहासापुरता मर्यादित नाही. सेवाशर्ती, निवृत्तिवेतन आणि सन्मान यांच्या संदर्भात तो येथेही विचारला जाणे आवश्यक आहे.

समारोप

उड्डाणाचे कौशल्य, आज्ञाधिकार आणि सामाजिक दर्जा या तीन गोष्टी ‘कमिशन’ या एकाच शब्दात गुंफल्या गेल्यामुळे ओटावा येथील वाद सुटू शकला नाही. ब्रिटनने दर्जाला नेतृत्वाचे नाव दिले. कॅनडाने न्यायाची मागणी दर्जाच्या भाषेत केली. विमानातील आज्ञाधिकार कामातून येतो, हे सार्जंट कप्तानांनी सिद्ध केले आहे. विमानाबाहेर इतरांवर अधिकार चालवण्यासाठी, तुकडीची शिस्त व न्याय पाहण्यासाठी सनद लागते. ती त्यासाठीच द्यावी. उड्डाणासाठी ती अपरिहार्य नाही. सर्व वैमानिकांना अधिकारी करणे ही एखाद्या दलाची संघटनात्मक निवड असू शकते, परंतु तिचे समर्थन त्याच पातळीवर व्हावे. आणि जेथे सनद दिली जात नाही, तेथे समान जोखमीला समान वेतन, समान संरक्षण व समान सन्मान देण्याचे उत्तरदायित्व राज्यसंस्थेला टाळता येणार नाही.